बोआतेंगकाकांची शिष्टाई

जगदीश मेश्रामच्या घरात अबोला सुरू झाला तो सात सप्टेंबरला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण जगदीशला सगळंच नेमकं लागतं. लंडनमधल्या क्रॉयडनच्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना त्या ऐकवायच्या, याचा त्याला पगार मिळतो. ऑफिसात ते ठीक आहे हो, पण हा माणूस घरी आल्यावरही तेच काम चालू ठेवतो, आणि तेही फुकट.

त्या रविवारी विहाराचा कार्यक्रम होता. विहार म्हणजे महिन्यातून एकदा भाड्याने घेतलेला कम्युनिटी हॉल. तिथे सुप्रभाने, म्हणजे जगदीशच्या बायकोने, आयुष्यातलं पहिलं भाषण करायला घेतलं होतं. विषय होता ‘लंडनमधले बाबासाहेब’. फार्मसीतली नोकरी सांभाळून, ट्रॅममध्ये उभ्याने पुस्तकं वाचून तिने दोन महिने तयारी केली होती. सुरुवात झकास झाली. मग ती म्हणाली, “आणि एकोणीसशे एकवीस साली बाबासाहेब लंडनला परत आले—”

“वीस!” तिसऱ्या रांगेतून आवाज आला. “एकोणीसशे वीस!”

साठ माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. तिथे जगदीश बसला होता, चेहऱ्यावर समाजसेवा केल्याचं समाधान घेऊन. सुप्रभाने हातातल्या कागदांची घडी घातली, “जय भीम” म्हणाली आणि खाली येऊन बसली. भाषणाची पाच पानं शिल्लक होती. घरी जाताना जगदीश म्हणाला, “बाकी छान झालं.” त्यानंतर सुप्रभाने त्याच्याशी बोलणं बंद केलं.

आता अबोला म्हणजे काही शांतता नव्हे. उलट घरात बोलणं वाढतं, फक्त ते फिरून येतं. सुप्रभा मुलीला म्हणे, “बाबांना सांग, जेवण झालंय.” बाबा चार फुटांवर बसलेले असत. मग बाबा म्हणत, “आईला सांग, आलोच.” जगदीशला यातलं बाकी काही फारसं जड गेलं नाही. पण चोवीस वर्षं ती त्याला ‘अहो’ म्हणत आली होती. अहो, कचऱ्याच्या बिन्स बाहेर ठेवल्या का. अहो, जरा इकडे या. त्या ‘अहो’कडे त्याने कधी लक्ष दिलं नव्हतं. ते बंद झालं आणि त्याला घरात आपलं नावच कुणी खोडून टाकल्यासारखं वाटायला लागलं. त्याला ते ‘अहो’ परत हवं होतं. त्यासाठी ‘चुकलं माझं’ एवढंच म्हणायचं होतं, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं, कारण साल एकोणीसशे वीसच होतं.

तनिषा, त्यांची एकुलती एक मुलगी, या कामाला फारशी लायक नव्हती. तिचं मराठी क्रॉयडनचं.

“बाबा, आई म्हणते भाजी गरम केला आहे.”

“केली आहे.”

“Whatever. केली आहे.”

स्वयंपाकघरातून सुप्रभा सुरू होई, “त्यांना सांग, ज्यांना जगातलं सगळं येतं त्यांनी स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यावं. चोवीस वर्षं मीच उठायचं, मीच वाढायचं आणि वर चारचौघांत—” तनिषा हे सगळं ऐकून घेई आणि बापाकडे वळून म्हणे, “आई म्हणते no.”

वीस सप्टेंबरला तनिषा युनिव्हर्सिटीसाठी लीड्सला गेली आणि दोघांच्या मधला पूल गेला. काही दिवस तिला व्हॉट्सअपवरून कामाला लावून पाहिलं. ‘बाबांना सांग दूध संपलंय.’ ‘आईला सांग आणतो.’ तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, ‘I am in a LECTURE. तुम्ही दोघं एकच kitchen मध्ये आहे!!’ आणि ती ‘मेश्राम्स’ या ग्रुपमधून बाहेर पडली. ग्रुपमध्ये आता नवराबायको दोघंच उरले आणि तिथेही सामसूम झाली.

अशा वेळी शेजारचे बोआतेंगकाका स्टीलचा डबा परत द्यायला आले.

क्वाबेना बोआतेंग मूळचे घानातल्या कुमासीचे. वीस वर्षं त्यांनी क्रॉयडनची ट्रॅम चालवली, आता निवृत्त. बायको जाऊन चार वर्षं झालेली. त्यांच्याशी सगळे इंग्रजीच बोलत, पण ‘काका’ हा शब्द त्यांनी तनिषाच्या लहानपणीच उचलला होता आणि तो त्यांना स्वतःच्या आडनावापेक्षा जास्त आवडे. ते टेबलाशी टेकले. सुप्रभा त्यांना म्हणाली, “काका, प्लीज यांना सांगा की जेवण तयार आहे.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग समोरच बसलेल्या जगदीशकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे तुमच्यातही ही पद्धत आहे? इतकी वर्षं शेजारी राहून मला कुणी सांगितलं नाही!”

“कसली पद्धत?” जगदीश म्हणाला.

“ओचिआमेची!”

मग काकांनी समजावलं. त्यांच्या असांते लोकांच्या दरबारात राजाशी कुणी थेट बोलत नसे. जे सांगायचं ते ओचिआमेला सांगायचं, म्हणजे राजाच्या वाणीला. राजाला सगळं ऐकू येत असतं, तो काही बहिरा नसतो. तरीही ओचिआमे ते पुन्हा सांगतो. राजा हळू आवाजात उत्तर देतो, आणि ओचिआमे ते सभेला ऐकवतो. हातात मानाची काठी, डोक्यात सगळा इतिहास. “आणि नुसतं पोचवायचं नाही,” काका म्हणाले. “निरोप सजवून द्यायचा. कच्चं बोलणं घ्यायचं आणि शिजवून वाढायचं.”

“आमच्याकडे याला अबोला म्हणतात,” सुप्रभा म्हणाली.

“किती राजेशाही शब्द आहे!” काका म्हणाले आणि दारामागची छत्री काठीसारखी हातात धरून दोघांच्या मध्ये उभे राहिले. “चला, सुरू करा.”

जगदीशने डाळीचा घास घेतला. आता या माणसाने गप्प राहावं की नाही? पण नाही. “तिला सांगा, डाळीत मीठ कमी आहे.”

काकांनी डोळे मिटले, छत्री एकदा जमिनीवर टेकवली आणि सुप्रभाकडे वळले. “घरचे धनी म्हणतात, या डाळीचा पहिला घास घेतला आणि त्यांना कळलं की आजवर ते जेवतच नव्हते, नुसतं पोट भरत होते. आता त्यांची एकच विनंती आहे. समुद्र दाराशी उभा आहे, त्यालाही या पातेल्याची थोडी सेवा करू द्यावी.”

सुप्रभाने पाठ फिरवली. तिचे खांदे हलत होते. मग मिठाची बरणी टेबलावर आली. सतरा दिवसांत जगदीशने तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं, पाठमोरं का होईना.

त्या दिवसापासून काका रोज साडेसहाला हजर. छत्री ठरलेली, जेवण ठरलेलं, आणि दोन निरोपांच्या मध्ये गोष्टीही ठरलेल्या. ऑक्टोबरात इथे सगळीकडे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे कार्यक्रम असतात आणि काकांना लायब्ररीत व्याख्यान द्यायचं होतं. त्याची रंगीत तालीम मेश्रामांच्या स्वयंपाकघरात चाले. ओसेई टुटू राजा आणि त्याचा पुरोहित ओकोम्फो अनोची यांनी असांते राज्य कसं बांधलं, आणि सोन्याचं आसन आकाशातून अलगद राजाच्या मांडीवर कसं उतरलं याबद्दल लोक काय सांगतात ते. त्या आसनावर राजासुद्धा बसत नाही, कारण त्यात साऱ्या लोकांचा जीव आहे. सुप्रभा पोळ्या लाटता लाटता थांबून ऐके.

तिला सगळ्यांत आवडली एजिसूची राजमाता, याआ असांतेवा.

“आमच्यात ‘या’ म्हणजे ‘आत या’,” ती काकांना म्हणाली.

“आमच्यात याआ म्हणजे गुरुवारी जन्मलेली,” काका म्हणाले. “आणि ही बाई कुणाला आत येऊ देणाऱ्यांतली नव्हती.” मग सुप्रभाने लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली आणि ट्रॅममध्ये उभ्याने वाचायला सुरुवात केली.

जगदीशची मात्र पंचाईत झाली. तो म्हणे, “तिला सांगा, मला उशीर होईल,” आणि काका त्यातून सूर्य, हत्ती, नदी असं काय काय काढत. सुप्रभा खुदकन हसे, पण कौतुक सगळं काकांच्या वाट्याला. बोलणं याचं आणि वाहवा त्यांची. स्वतःच्याच वाक्यांचा हेवा वाटण्याची पाळी आपल्यावर येईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आणि ‘अहो’ तर कुठेच नव्हतं. ती आता काकांशी इतकं बोले की त्याची वाट मोकळी होण्याऐवजी आणखीच बुजत चालली होती.

शेवटी एक दिवस बागेच्या कुंपणाशी त्याने काकांना गाठलं. “तिला माझा एक निरोप द्याल? सांगा की त्या दिवशी मी ओरडायला नको होतं. अर्थात साल वीसच होतं—”

काकांनी हात वर केला. “यातलं अर्धंच नेण्यासारखं आहे.”

“मग अर्धं न्या.”

“नाही. हे मी नेणार नाही. ही काही असांतेंची रीत नाही बरं, माझी आहे. डाळ, दूध, उशीर, सगळं नेईन. हे तुझं तू ने.”

जगदीश तसाच घरात गेला.

व्याख्यानाच्या तीन दिवस आधी काकांचा घसा बसला. बसला म्हणजे पार गेला. डॉक्टरांनी बजावलं, आठवडाभर आवाज काढायचा नाही. साडेसहाला ते वही घेऊन आले आणि लिहिलं, ‘शनिवारी मी राजा. ओचिआमे पाहिजे.’

सुप्रभाकडे बोट दाखवत जगदीश घाईघाईने म्हणाला, “हिला सगळं पाठ आहे!” ‘हिला’ म्हणताना तो थेट तिच्याकडे बघत होता, पण ती पोळीकडे बघत होती.

काकांनी मान हलवली आणि लिहिलं, ‘तीन आठवडे मी तुझं बोलणं वाहिलं. आता तू माझं.’ खाली एक रेघ ओढून पुढे लिहिलं, ‘आणि सजवून.’

सजवणं जगदीशच्या खानदानात नव्हतं. त्याने प्रेमपत्रंही मुद्द्यांना क्रमांक देऊन लिहिली होती.

शनिवार, अठरा ऑक्टोबर. अबोल्याचा बेचाळिसावा दिवस. लायब्ररीत चाळीस खुर्च्या भरल्या होत्या. निम्मी मंडळी घानाची, बायका रंगीत कापडांत, म्हातारे कोट घालून. काका खांद्यावरून केंटे वस्त्र घेऊन राजासारखे बसले होते. शेजारी जगदीश, ऑफिसच्या शर्टात, हातात काकांची चालण्याची काठी, समोर माईक. सुप्रभा येऊन बसली ती नेमकी तिसऱ्या रांगेत.

काका त्याच्या कानात कुजबुजले. जगदीशने घसा साफ केला आणि इंग्रजीत सुरुवात केली. “असांते राज्याची स्थापना साधारण सतराशे एकमध्ये झाली. राजा, ओसेई टुटू. पुरोहित, ओकोम्फो अनोची. आसन, एक. साहित्य, सोनं.”

पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी पर्समधून पेपरमिंट काढलं. काकांनी जगदीशच्या पायावर पाय दिला. “सजव,” त्यांच्या घशातून हवा निघाली.

जगदीशने इकडेतिकडे पाहिलं. मग त्याला डाळ आठवली. “आणि तो सोन्याचा घास,” तो म्हणाला, “म्हणजे, ते सोन्याचं आसन आकाशातून उतरलं ते इतकं हळू, की राजाच्या मांडीवर आधी त्याची सावली येऊन बसली, आणि मग आसन म्हणालं, मी येऊ का?”

आजीबाईंचं पेपरमिंट हातातच राहिलं. मागून कुणीतरी “एइ!” म्हणालं. जगदीशला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी दाद दिली होती, आणि ती त्याला सरळ डोक्यात चढली.

मग काय विचारता! काका एक वाक्य कुजबुजत आणि हा त्याची पाच करी. सन एकोणीसशे, इंग्रज गव्हर्नर कुमासीत येऊन म्हणतो, तुमचं सोन्याचं आसन आणा, मला त्याच्यावर बसायचंय. जगदीशने खुर्ची ओढून गव्हर्नर कसा ऐसपैस बसू पाहत होता तेही करून दाखवलं. हशा पिकला. सरदार गप्प, माना खाली. राजाला, प्रेम्पेला, तर आधीच देशाबाहेर नेलेलं. मग याआ असांतेवा उठते. ती म्हणते, पुरुषांनो, तुम्ही लढणार नसाल तर आम्ही बायका लढू! जगदीशने काठी अशी आपटली की लायब्ररीतल्या बाई दचकल्या. घानाच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुमासीच्या किल्ल्याला वेढा पडला, महिनोन् महिने लढाई झाली, राजमाता पकडली गेली आणि तिला समुद्रापार सेशेल्स बेटांवर नेलं. पण ते आसन? ते काही गव्हर्नरला मिळालं नाही!

इथे काकांना खोकल्याची उबळ आली. पाण्याचा पेला, रुमाल, धावपळ. कुजबूज थांबली. पण जगदीश काही थांबेना. चाळीस माणसं आ वासून त्याच्याकडे बघत होती, आणि त्या म्हाताऱ्या राणीला तिकडे बेटावर एकटं सोडायला त्याचं मन तयार होईना.

“आणि मग,” तो दोन्ही हात पसरून म्हणाला, “एकोणीसशे चोवीस साली ती परत आली! बोट किनाऱ्याला लागली, लोकांनी फुलं उधळली, ढोल वाजले, आणि राणी म्हणाली—”

“अहो, एकवीस!”

मराठीत. खणखणीत. तिसऱ्या रांगेतून.

चाळीस माना वळल्या. सुप्रभा उभी होती. “परत नाही आली ती. एकवीस सालीच गेली, तिकडेच, सेशेल्सला. चोवीसला राजा प्रेम्पे परत आला. ती नाही.”

जगदीशचे हात पसरलेलेच होते. साठ नव्हे, चाळीसच माणसं होती, पण तेवढीही पुरे झाली. कान तापले, पुढचं वाक्य कुठे होतं ते हरवलं. एवढ्या लोकांसमोर मध्येच तोडलं की असं होतं तर! हे सात सप्टेंबरला तिला झालं होतं. आणि तिच्या हातात तर पाच पानं शिल्लक होती. त्याला फार वाईट वाटलं, स्वतःबद्दल नाही, तिच्याबद्दल. आणि त्याच वेळी, हे सांगायलाच हवं, त्याला आनंदाने नाचावंसं वाटत होतं, कारण ती ‘अहो’ म्हणाली होती.

“चुकलं माझं,” तो मराठीतच म्हणाला. माईक चालू होता. “आत्ता चुकलं ते चुकलंच. पण त्या दिवशी विहारात माझं साल बरोबर होतं आणि मी चुकलो होतो. तू दोन महिने खपली होतीस गं. मी एका आकड्यासाठी तुझं भाषण घालवलं. माफ कर मला.”

“काय म्हणाले ते?” आजीबाईंनी विचारलं. सगळ्यांनाच ते हवं होतं. लायब्ररीतल्या बाईही पुढे सरसावल्या.

बोआतेंगकाका खुर्चीतून उठले. त्यांना मराठी येत नव्हतं, पण तीन आठवडे याच एका वाक्याची वाट बघितलेल्या माणसाला भाषेची काय गरज? त्यांनी जगदीशच्या समोरचा माईक उचलला, केंटे सावरलं, डॉक्टरांना बाजूला ठेवलं आणि फाटक्या आवाजात सुरू केलं, “या घरचे धनी म्हणतात, की—”

“राहू द्या काका,” सुप्रभा इंग्रजीत म्हणाली. तिने डोळे पुसले. “मला थेट पोचलं.”

काकांनी माईक खाली केला. ते इतके खूश दिसत होते की घसा बसलेलाही शोभत होता.

“अहो, आता बोला ना पुढे,” सुप्रभा म्हणाली. “थांबलात का?”

जगदीशने तिच्याकडे पाहिलं. मग तो तिसऱ्या रांगेपर्यंत चालत गेला आणि तिच्या हातात काठी दिली. “पुढचं तुला येतं,” तो म्हणाला. “मी ऐकतो.”

तो तिच्या खुर्चीवर बसला. सुप्रभा पुढे जाऊन उभी राहिली. काठी कशी धरायची ते तिला बरोबर माहीत होतं. तिने राणीचे शेवटचे दिवस सांगितले, सजवून नाही, साधेच, आणि पुढच्या रांगेतल्या आजीबाई चक्क रडल्या. मग तिने राजाची बोट आणली. “अठराशे शहाण्णव साली ज्याला नेलं होतं,” ती म्हणाली, “तो प्रेम्पे एकोणीसशे चोवीस साली आपल्या माणसांत परत आला. तब्बल तीस वर्षांनी!”

अठ्ठावीस. जगदीशच्या जिभेच्या टोकावर येऊन ते उभं राहिलं. त्याने खुर्चीखालची पाण्याची बाटली उचलली आणि तोंडाला लावली.

सुप्रभा थांबली होती. तिची नजर तिसऱ्या रांगेवर होती.

“अहो,” ती म्हणाली, “बरोबर आहे ना?”

जगदीशने पाण्याचा घोट गिळला.

“अगदी बरोबर,” तो म्हणाला.

“अठ्ठावीस,” सुप्रभा हसून सभेला म्हणाली आणि पुढे बोलायला लागली.